आमची वाटचाल : नागपुरी संत्र्याची साल आणि हिरवा चहा

माझ्या सासऱ्यांनी 1978 साली नागपूरच्या इतवारीत चहाच्या खुल्या पुडीचे दुकान सुरू केले. आसामचा दाणेदार चहा आणि डस्ट यांचे मिश्रण गिऱ्हाइकाच्या सवयीप्रमाणे करून देणे हा त्यांचा व्यवसाय होता, आणि कोणाच्या घरी कडक चहा लागतो, कोणाकडे दूध जास्त पडते, हे त्यांना वही न उघडता ठाऊक असे. माझे माहेर काटोल तालुक्यातले असून तेथे आमची संत्र्याची बाग आहे. ती आता धाकटा भाऊ पाहतो. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच सुमारास दुकानात ग्रीन टी मागणारी गिऱ्हाइके येऊ लागली होती, आणि सासरचा चहा व माहेरचे संत्रे एकाच पाकिटात आणावे हा विचार माझ्या मनात पक्का झाला.

पहिला माल आम्ही सोप्या वाटेने केला. कुन्नूरहून निलगिरीचा हिरवा चहा मागवला, एका पुरवठादाराकडून संत्र्याचे सुगंधी तेल घेतले आणि मोठ्या परातीत पत्तीवर ते फवारून पाकिटे भरली. पाकीट फोडताच खोलीभर दरवळ पसरत असे, त्यामुळे आम्ही सगळेच हरखून गेलो होतो. दोन महिन्यांनी मात्र पाकिटे परत येऊ लागली, कारण आतल्या चहाला चक्क वॉर्निशसारखा वास येत होता. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनिन हा घटक 90 टक्क्यांहून अधिक असतो, आणि हवा लागली की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन तोच सुवास उग्र आणि शिळा होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. परत आलेला सर्व माल आम्ही टाकून दिला. त्या वर्षीचा दिवाळीचा नफा त्यात गेला, पण सासरे रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "आधी चाखायला शीक, मग विक."

चहा चाखण्याची एक आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत 1980 पासून रूढ आहे. त्यानुसार 100 मिलिलिटर उकळत्या पाण्यात 2 ग्रॅम चहा सहा मिनिटे झाकून ठेवतात आणि मग अर्क गाळून घेतात. इतक्या कडक वागणुकीने कप रुचकर होत नाही, परंतु चहातला दोष लपून राहत नाही आणि दोन नमुन्यांची न्याय्य तुलना करता येते. सासऱ्यांनी मला कोरडी पत्ती, भिजलेली पत्ती आणि अर्क या तिन्हींचा वास वेगवेगळा घ्यायला लावला. अर्क चमच्याने घेऊन मोठ्याने भुरका मारायचा, म्हणजे त्याच्याबरोबर हवा आत जाते आणि वास घशाच्या मागून नाकापर्यंत पोहोचतो. लहानपणापासून "भुरके मारू नकोस" हे ऐकत वाढलेल्या मला सासऱ्यांसमोर असा आवाज काढायला पहिले काही दिवस फार संकोच वाटला. सहा महिने, दुकान उघडण्यापूर्वी, रोज सकाळी आम्ही दोघे असे बसत होतो, आणि तुरट आणि कडू यांतला फरक मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळला. तुरटपणा जीभ आणि गाल आवळतो, तो चांगल्या हिरव्या चहात थोडा हवाच. कडवटपणा मात्र जिभेच्या मुळाशी रेंगाळतो आणि पुढच्या घोटाची इच्छा घालवतो.

त्यानंतर तेल सोडून आम्ही सालीकडे वळलो. संत्र्याचा सुगंध रसात फार थोडा असतो. तो सालीच्या केशरी थरातल्या बारीक तेलग्रंथींत साठलेला असतो, आणि त्याखालचा पांढरा पापुद्रा कडसर असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने ती हाताने सहज सुटते, ही आमच्यासाठी मोठीच सोय होती. तरी आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेने खरवडून काढण्याचे काम बायकांच्या सरावाच्या हातांशिवाय नीट होत नाही. साल कडक उन्हात वाळवली तर तेल उडून जाते आणि हाती नुसता रंग राहतो. म्हणून आम्ही ती आधी सावलीत सुकवतो आणि शेवटचा ओलावा 45 अंशांच्या आत चालणाऱ्या वाळवणी यंत्रात काढतो. साल बोटांनी वाकवल्यावर चामड्यासारखी दुमडली तर ती अजून ओली समजायची, आणि कट्कन मोडली तर तयार. ही परीक्षा आम्ही एकदा पावसाळ्यात घाईने उरकली आणि एका डब्यात बुरशी धरली. तेव्हापासून ही मोडून पाहण्याची परीक्षा प्रत्येक ताटावर होते.

फळ कोणते घ्यायचे, हा प्रश्न त्याहून अवघड होता. रस पिताना साल फेकली जाते, चहात मात्र तीच गरम पाण्यात उतरते, म्हणून फवारणीचा अंश आणि चकाकीसाठी दिलेला मेणाचा थर या दोन्ही गोष्टी आम्हाला चालत नाहीत. बाजारातली संत्री आम्ही त्यामुळे घेतच नाही. भावाने बागेतली 40 झाडे आमच्यासाठी वेगळी ठेवली आहेत. तोडणीपूर्वी त्यांवर फवारणी होत नाही, आणि प्रत्येक हंगामात सालीचा नमुना कीडनाशकांच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो. कोळशी, म्हणजे पानाफळांवर धरणारी काळी बुरशी, पडलेल्या वर्षी या 40 झाडांपैकी निम्म्यांची फळे आम्ही नाकारली. त्याने भावाचे नुकसान झाले आणि आम्हालाही माल कमी पडला, पण त्यावर दुसरा उपाय नव्हता.

मिश्रणातही एक अडचण अनपेक्षितपणे पुढे आली. सालीचे तुकडे पत्तीपेक्षा जड आणि लहान असल्यामुळे वाहतुकीत ते पाकिटाच्या तळाशी बसत, म्हणून पहिले कप फिके होत आणि शेवटचे संत्र्याने भरून जात. आता साल पत्तीच्याच लांबीची, सुतासारखी कापली जाते, आणि 100 ग्रॅम मिश्रणात ती 12 ग्रॅम असते. याहून जास्त साल घालून पाहिली, तेव्हा चहा मागे पडून काढ्याची चव आली. साठवणीची जागाही आम्हाला बदलावी लागली. चहा भोवतालचा वास फार लवकर ओढून घेतो, आणि आमच्या जुन्या गोदामाला लागूनच सावजी मसाला दळला जात असे.

एवढे करूनही गिऱ्हाइकांची तक्रार एकच होती, ती म्हणजे "चहा कडू होतो." तेव्हा आम्ही काही घरी जाऊन तो कसा केला जातो ते पाहिले. आपल्याकडे चहा म्हणजे आधण ठेवायचे, पूड टाकायची आणि चांगली उकळी येऊ द्यायची. हिरव्या चहालाही तेच केले जात होते, आणि त्यात नागपूरच्या कित्येक घरांत बोअरवेलचे जड पाणी. काळा चहा करताना पानांचे ऑक्सिडीकरण होऊ देतात. हिरव्या चहात पाने खुडल्यावर लगेच वाफेने किंवा कढईच्या उष्णतेने ते थांबवतात. त्यामुळे त्यात कॅटेचिने भरपूर राहतात, आणि उकळत्या पाण्यात ती वेगाने उतरून चहा कडू व तुरट करतात. चहाला गोडसर भरीवपणा देणारी अमिनो आम्ले मात्र कमी तापमानालाही उतरतात. म्हणून पाणी 80 अंशांच्या आसपास असावे आणि चहा दोन ते अडीच मिनिटांत गाळावा, हे आम्ही पाकिटावर छापले. पण स्वयंपाकघरात तापमापी कोणाकडे असते?

उपाय सासऱ्यांनीच सुचवला. तीन कप उकळते पाणी आणि एक कप साधे पाणी एकत्र केले की मिश्रण साधारण 80 अंशांवर येते. मे महिन्यात साधे पाणीच कोमट असते, तेव्हा माठातले घ्यावे. चार कपांना चार सपाट चमचे चहा घालून भांडे झाकावे, कारण सालीचा सुवास वाफेबरोबरच निघून जातो. पाणी शक्यतो गाळलेले आणि मऊ असावे. जड पाण्यात अर्क गढूळ दिसतो आणि संत्र्याचा सुगंध दबतो. लिंबू पिळायचे असेल तर ते गाळल्यानंतर, दोन-तीन थेंबच. दूध मात्र या चहाला सोसत नाही. ही कृती मराठीत छापलेली चिठ्ठी पाकिटात घालू लागल्यावर कडवटपणाची तक्रार जवळजवळ थांबली, आणि आमच्या साऱ्या खटपटींत या चिठ्ठीचा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो.

दुसरा प्रकार त्यामानाने सहज जमला. गवती चहाच्या पातीत सिट्राल असते आणि लिंबाच्या सालीच्या वासामागेही तेच आहे, त्यामुळे लिंबू न घालताही हिरव्या चहाला लिंबाचा गंध येतो. घराघरांत अंगणातली पात चहात टाकण्याची सवय असल्याने हा चहा कोणाला समजावून सांगावा लागला नाही, आणि आज तो संत्र्याच्या चहाइतकाच खपतो.

पाकिटावर "वजन घटवा" असे लिहावे, असे आम्हाला अनेकांनी सुचवले, काही दुकानदारांनी तर आग्रहच धरला. आम्ही ते लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही. हा एक सुवासिक, हलका चहा आहे आणि तो चवीसाठी प्यावा, एवढेच मी खात्रीने सांगू शकते.

आजवर आम्ही आंबिया बहराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेरीच्या फुलोऱ्यातून येऊन नोव्हेंबरात उतरणाऱ्या फळांचीच साल वापरली. यंदा भावाने फेब्रुवारीत मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यातली, दहा किलो फळे पाठवली असून त्यांची साल वेगळ्या डब्यात भरून ठेवली आहे. सासरे आता 84 वर्षांचे आहेत. रोज सकाळी त्यांच्यासमोर दोन झाकलेले कप ठेवते, कोणत्या कपात कोणता बहर आहे ते सांगत नाही, आणि त्यांनी निवडलेला कप वहीत टिपून ठेवते. आतापर्यंत अकरा दिवसांत त्यांनी सहा वेळा आंबिया आणि पाच वेळा मृग निवडला आहे.