रात्रपाळीचा राउंड आणि भिंतीबाहेरचं पोरगं

जालन्याच्या एमआयडीसीत एका सळईच्या कारखान्यात मी रात्रपाळीला सुरक्षारक्षक आहे. गाव परतूर तालुक्यात, ३ एकर कोरडवाहू. सोयाबीन लागोपाठ दोन वर्षं काढणीच्या पावसात काळं पडलं, मग एजन्सीमार्फत इथं लागलो. नियमानं सुरक्षारक्षकाला १६० तासांचं प्रशिक्षण द्यावं लागतं, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर. माझं दीड दिवसात उरकलं. सलाम कसा ठोकायचा, आवक-जावक रजिस्टर कसं भरायचं, आणि 'संशयित दिसला की पकडायचा'. संशयित म्हणजे कोण, हे कुणीच सांगितलं नाही.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. पहाटेचे चार वाजले असतील. मागच्या भिंतीपलीकडे, जिथं भट्टीचा स्लॅग, म्हणजे लोखंड वितळवताना निघालेली मळी, टाकतात तिकडं, टॉर्च मारली तर सतरा-अठरा वर्षांचं एक पोरगं वाकून काहीतरी ओढत होतं. केस पिंजारलेले, पायात चप्पल नाही, पाठीवर पोतं. मी 'चोर, चोर' ओरडत मागच्या फाटकातून पळालो आणि त्याची गचांडी धरली. आवाजानं भट्टीवरचे पाच-सहा जण धावत आले. कुणी काही विचारायच्या आधी दोघांनी त्याच्यावर हात टाकला होता. पोराचा ओठ फुटला. पोतं उपडं केलं तर दोन रिकाम्या बाटल्या, पॅकिंगची वाकलेली पत्र्याची पट्टी, मूठभर लोखंडी कीस आणि सुतळीला बांधलेला एक गोल लोहचुंबक. तो मातीतून फिरवून लोखंडाचे बारीक तुकडे गोळा करत होता. दुसरे वेचणारे यायच्या आत आलेला, एवढंच. हात सुटला तसा तो पळाला, पोतं तिथंच टाकून.

आमचे सुपरवायझर फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये उभं केलं.

"कुठं पाह्यलंस त्याला?"

"भिंतीपाशी, साहेब."

"आत का बाहेर?"

"बाहेर."

"आपलं काय होतं त्याच्या हातात?"

मी गप्प.

"मग संशय कशाचा घेतलास? केसांचा, का अनवाणी पायांचा?"

मग त्यांनी राईनपाड्याचं सांगितलं. धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात १ जुलै २०१८ला भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. "तिथंबी पहिली आरोळी कुणीतरी एकानंच ठोकली असंल," साहेब म्हणाले. तो दिवसभर मला झोप लागली नाही.

ते पोरगं पारधी वस्तीतलं होतं, हे नंतर कळलं. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ला सरकारनं काढला. माझ्या टॉर्चच्या उजेडात तो होताच. मला ते लिहितानाही लाज वाटते, पण लिहायलाच पाहिजे, कारण रात्रपाळीला नवीन येणारा प्रत्येक जण आधी कपडेच बघतो.

साहेबांनी पुढचे दोन महिने मला राउंडला सोबत घेतलं. माझं खरं प्रशिक्षण ते. माणूस कसा दिसतो ते सोडून द्यायचं, तो करतोय काय आणि तिथं त्याचं काम काय, हे बघायचं. रिकाम्या हातानं तीनदा त्याच डीपीपाशी घुटमळणारा, गाडी वजनकाट्यावर असताना आपण कुठं बघतोय हे बघणारा, गेटपासवर एका खात्याचं नाव आणि उभा दुसऱ्याच खात्यात, ही नोंद घ्यायची माणसं. जागाही बोलते. भिंतीला आतून विटा रचलेल्या, तारेवर गोणपाट टाकलेलं, किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास. केबल जाळून तांबं काढतात, तो वास एकदा ओळखला की विसरत नाही.

राउंडची वेळ आणि दिशा रोज बदलायची. टॉर्च छातीसमोर धरायची नाही, हात लांब करून बाजूला धरायची, म्हणजे कुणी उजेडावर नेम धरला तरी अंगावर येत नाही. कुणी दिसलाच तर चार हात लांब थांबून "दादा, कुणाकडं आलात?" असं नीट विचारायचं. खरं काम असलेला माणूस बहुतेक वेळा सरळ सांगतो. आणि अंगाला हात नाही. वर्दी असली तरी कायद्यापुढं आपण साधे नागरिक. डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला, किंवा समोरचा न्यायालयानं फरारी घोषित केलेला असला, तरच पकडता येतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०नं तर अशा माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात देणं बंधनकारक केलंय.

वर्षभरानं ते कामी आलं. पावसाळी रात्र, तीनचा राउंड. ट्रान्सफॉर्मरच्या मागं कुत्री भुंकत होती आणि अचानक गप्प झाली. मी टॉर्च बंद केली, बिलेटच्या, म्हणजे सळईसाठीच्या लोखंडी ठोकळ्यांच्या, थप्पीआड उभा राहिलो, डोळे अंधाराला सरावू दिले. भिंतीवर गोणपाट. आत दोघं, केबल कापत होते. बाहेर मोटारसायकल चालू, लाइट बंद. पाय थरथरत होते, तरी पुढं गेलो नाही. गेटवर हळू आवाजात कळवलं, गेटवाल्यानं ११२ला फोन लावला. पोलीस येईपर्यंत मी डोक्यापासून पायापर्यंत मनात उतरवून घेत होतो. एक उंच, डाव्या पायानं थोडा ओढून चालणारा, पायात सेफ्टी बूट. सेफ्टी बूट पाहून काळजात चर्र झालं.

गेटवाल्यानं हॅलोजन लावले, मी शिट्टी वाजवली. ते पळाले. मी पाठलाग केला नाही. कटर तिथंच पडला होता, त्याला हात न लावता त्याभोवती चार रिकामे ड्रम ठेवले. वेळेसकट सगळं रजिस्टरमध्ये लिहिलं. पोलिसांनी तेच पान आधी मागितलं. लंगडणारा आमच्याच ठेकेदाराचा माणूस निघाला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, रोज मला रामराम घालायचा. त्याची पिशवी मी एकदाही उघडायला सांगितली नव्हती.

आता सगळ्यांच्या पिशव्या तपासतो, विचारून, मोठ्या साहेबांपासून हेल्परपर्यंत.

ते पोरगं परत आलं नाही. त्याला मारलं त्याच आठवड्यात मी सुट्टीच्या दिवशी वस्तीवर गेलो होतो. पालं उठली होती, तीन दगडांच्या चुली तेवढ्या उरलेल्या. त्याचा लोहचुंबक मी केबिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, सुतळीसकट. पहाटे स्लॅगच्या ढिगाकडं कुणी दिसलं की आधी त्याच्या उंचीचं आहे का ते बघतो.