तुम्ही विचारलंत म्हणून : हे सारखं लघवीला लागणं, ही आग, टेन्शननंच होतंय का?

नणंदेनं विचारलं, स्टाफरूममध्ये विचारलं, परवा तर मेडिकलवाल्यानंही. त्याच्या हातात माझी अमिट्रिप्टिलिनची स्ट्रिप होती, 10 मिलिग्रॅमची. "मॅडम, ही तर डिप्रेशनची गोळी," चार गिऱ्हाइकांसमोर. आहेच डिप्रेशनची. पण थोड्या डोसात ती नसांची दुखणी दबवायलाही देतात, मला त्यासाठी दिलीय. हे त्याला सांगायचं होतं. मी सुटे पैसे उचलले आणि निघून आले.

तर तुम्हाला सांगते. आधी तीन वर्षं इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक खाल्ली. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, दर वेळी स्वच्छ. रिपोर्ट चांगला आला म्हणून घरचे खूश आणि मी रडकुंडीला, कारण ओटीपोटातली आग तशीच. मग दुर्बीण घालून बघितलं, बाकीचं एकेक वगळलं, तेव्हा कुठं इंटरस्टिशियल सिस्टायटिस हे नाव मिळालं, म्हणजे जंतू नसतानाही लघवीच्या पिशवीचं जुनाट दुखणं. डॉक्टरांनी तीन दिवस दर वेळची लघवी मापानं मोजून लिहायला लावलं. चांगली पिशवी 300-400 मिली सहज धरते. माझ्या वहीत 60, 80, 110. हे आकडे काय टेन्शननं आले?

थोडे आले असतील. सांगते का ते.

2023 चा मे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट नुकतंच झालेलं, म्हणून हौसेनं लातूरहून संभाजीनगरला लग्नाला निघाले. केजच्या स्टँडवर जाऊन आले होते. नेकनूरच्या अलीकडं कळ सुरू झाली. कंडक्टरला म्हटलं, दोन मिनिटं थांबवा. "मांजरसुंबा येऊ द्या की बाई." मी दांडा धरून उभीच. मागून एक म्हातारी ओरडली, "थांबीव की रं बाबा, बाईमाणसाची अडचण हाय."

थांबली. मे महिन्यात आडोसा कुठला? तूर नाही, कापूस नाही, नांगरलेलं काळं रान आणि हाताच्या मनगटाएवढी एक बाभूळ. म्हातारी आपण होऊन खाली उतरली, माझ्याकडं पाठ केली आणि लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून उभी राहिली. वाऱ्यानं पदर फडफडत होता. ढेकळं चपलेत रुतत होती. ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलेलं. आणि झालं किती? चार चमचे. तेही आगीसारखं. एवढ्यासाठी पन्नास माणसं उन्हात थांबलेली. लगेच उठले तर लोक काय म्हणतील, म्हणून मी तशीच बसून राहिले, मनात आकडे मोजत. चाळीसपर्यंत मोजले. "झालं का माय?" "हो." गाडीत चढताना मी कुणाकडंच बघितलं नाही. तिला साधं धन्यवादसुद्धा म्हटलं नाही, ते अजून टोचतं.

आता तुम्ही म्हणाल, केजला जाऊन आलीस, मग अर्ध्या तासात एवढं काय साठलं? बरोबर आहे. आता मांजरसुंब्यापर्यंत गाडी थांबणार नाही, हे डोक्यात आलं आणि त्याच क्षणी कळ आली. ते मला तेव्हाही कळलं होतं. पण रात्री दोनला, तीनला, साडेचारला गाढ झोपेतून उठवतं, ते कसलं टेन्शन? पूर्वी हा प्रश्न मी तावातावानं विचारायचे. आता तेवढा जोर येत नाही, कारण आज किती वेळा उठावं लागेल हे मोजतच मी आडवी होते. आधी पिशवी की आधी भीती, मला सोडवता येत नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा. पण "डोक्यातनं काढून टाक" एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या.

पाण्याचंही तसंच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, सगळं गाव घागरी घेऊन रांगेत, आणि मला आतून बरं वाटलं होतं. पाणी कमी पिण्याला कारण मिळालं! किती मूर्ख होते. पाणी तोडलं की लघवी दाट होते आणि आग वाढते, हे आता पाठ आहे. तरी गावाला निघायच्या दिवशी मी नुसते ओठ ओले करते. चहा मात्र सोडला. तिखटही जवळजवळ सोडलं. मराठवाड्यात ते सोडणं म्हणजे काय, वेगळं सांगायला नको.

पुढच्या महिन्यात अंबाजोगाईला भाचीचा साखरपुडा आहे. काल नणंदेला फोन करून विचारलं, मंगल कार्यालयात बायकांचं बाथरूम कुठल्या बाजूला आहे, आणि आतून कडी लागते का?

ती म्हणाली, "आधी येतेस का ते सांग."