‘तुमच्या पेपरने लिहिलंय’

मी पेपरच्या डेस्कवर, बातम्या तपासायच्या कामावर होते तेव्हा तालुक्याच्या बातमीदारांचे फोन संध्याकाळी यायचे. त्यांतली एक तक्रार ठरलेली असे: अग्रलेखात सरकारला झोडपलं, की दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत बातमीदाराला ऐकून घ्यावं लागे. ‘तुमच्या पेपरने लिहिलंय ना? मग माहितीही पेपरलाच विचारा.’ अग्रलेख लिहिणारा मुख्य कार्यालयात, आणि त्याचे पडसाद झेलणारा हा. त्याला तर अग्रलेखाचा विषयही सकाळी अंक हातात पडल्यावर कळलेला असे.

मराठीत अग्रलेखाचा मान मोठा, आणि तो रास्तच आहे. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती ‘केसरी’तल्या लेखांसाठी. ‘देशाचे दुर्दैव’ हा मथळा शंभर वर्षांनंतरही लोकांना माहीत असतो. त्या अंकात बातम्या काय होत्या हे कुणी विचारत नाही. मलाही जहाल अग्रलेख आवडतो. पण त्याचा जहालपणा बातमीत उतरला की मला राग येतो.

तो उतरतो फार सहज. सभेची कॉपी, म्हणजे बातमीदाराने लिहिलेला मजकूर, यायची: ‘जनतेने नेत्यांकडे पाठ फिरवली.’ मी फोन लावून विचारायचे, खुर्च्या किती मांडल्या होत्या? रिकाम्या कुठल्या होत्या? पाऊस होता का? मग छापून यायचं, ‘मैदानातल्या मागच्या रांगा रिकाम्या होत्या.’ वाक्य फिकं वाटतं खरं, पण ते विरोधी पक्षाचा माणूसही नाकारू शकत नाही. पाठ फिरवली की नाही, ते अग्रलेखात खुशाल लिहा.

अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये ही विभागणी पक्की आहे. बातम्यांचा प्रमुख वेगळा, मतांच्या पानांचा वेगळा, आणि दोघंही थेट प्रकाशकाला उत्तरदायी. तरीही जुलै २०२० मध्ये ‘जर्नल’ आणि त्याच्या डाऊ जोन्स कंपनीतल्या २८० हून अधिक जणांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं. मतांच्या पानांवर तथ्यं नीट तपासली जात नाहीत, हे त्यांचं म्हणणं. तेव्हाचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांचा, करोनाची दुसरी लाट नाही असं सांगणारा लेख सरकारी आकडे न पडताळता छापला, हे एक उदाहरण. दुसरी मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते: वेबसाइटवर मतांच्या मजकुरावर ठळक लेबल लावा, कारण वाचकाला फरक कळत नाही. दबावापुढे आम्ही नमणार नाही, असं मतांच्या पानाने छापून उत्तर दिलं. मत बदला असा हट्ट मीही धरणार नाही. पण आकडा चुकीचा असेल तर तो मताच्या आड लपू शकत नाही. अग्रलेखातला आकडाही बातमीतल्या आकड्याइतकाच तपासला गेला पाहिजे.

आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी बातमीचा आणि अग्रलेखाचा धनी एकच, संपादक. म्हणून भिंत राहायची ती पानाच्या मांडणीत. अग्रलेख ठरलेल्या पानावर, ठरलेल्या रकान्यात, लेखकाच्या नावाशिवाय. माझ्या आईला ‘मत’ आणि ‘वृत्त’ अशी चर्चा कुणी ऐकवली नव्हती, पण ते पान आलं की आता पेपर स्वतः बोलतोय, हे तिला बरोबर कळायचं.

मोबाईलवर पानच नाही. बातमी, स्तंभ, अग्रलेख सगळं एकाच टाइपात, एकाखाली एक. व्हॉट्सअॅपवर तर नुसता मथळा आणि फोटो फिरतो, आणि लोक म्हणतात, ‘अमुक पेपरात बातमी आलीय.’ लेख उघडल्यावर वर बारीक अक्षरात ‘संपादकीय’ लिहिलेलं असतं, पण उघडतो कोण? म्हणून ‘अग्रलेख’ किंवा ‘मत’ हे मथळ्याच्या सुरुवातीलाच हवं, म्हणजे लिंक पुढे पाठवली तरी ते सोबत जाईल. काही वेबसाइट हे करतात. बाकीच्यांनीही करावं, निदान तालुक्याच्या त्या बातमीदारासाठी तरी.