गाळ घनमीटरमध्ये मोजा: पालिकेच्या आढाव्यात काय विचारावं

मे महिन्यात गोव्यातल्या पालिकांच्या बैठकांत एक वाक्य हमखास येतं: 'पावसाळ्यापूर्वीची गटारसफाई जवळजवळ पूर्ण.' नगरसेवकांनी तिथंच थांबून विचारायला हवं, हे पूर्ण कशात मोजलं? निविदा रनिंग मीटरवर निघाली असेल तर पैसे लांबीचे जातात, खोली कुणी बघत नाही. वरचं गवत नि प्लास्टिक निघतं, तळाचा घट्ट गाळ तसाच राहतो आणि मीटर मात्र पुरे भरतात.

हिशेब अगदी साधा आहे. गटार १०० मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि आत ३० सेंटिमीटर गाळ, म्हणजे १८ घनमीटर माती. टिपरमध्ये ४ ते ५ घनमीटर मावते असं धरलं तर चार-पाच खेपा व्हायला हव्यात. नोंदवहीत एकच खेप असेल तर बाकीचा गाळ गटारातच आहे. सफाईआधी आणि सफाईनंतर, त्याच जागी, सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी तळाला टेकवून फोटो काढायची अट निविदेतच घाला. बिल मंजूर करताना वाद राहत नाही.

तुंबतं कुठं, हे बहुतेक ठरलेलं असतं. उघडं गटार सहसा तुंबत नाही, मोरी तुंबते. रस्त्याखालच्या मोरीची दोन्ही तोंडं साफ दिसतात, पण स्लॅबच्या पोटात माणूसही शिरत नाही आणि फावडंही पोचत नाही. त्यात नळाची पाइप किंवा केबल आडवी गेलेली असली की तिला पिशव्या अडकतात, त्यावर पालापाचोळा बसतो आणि तासाभराच्या पावसात बांध तयार होतो. एका टोकाला उजेड धरून दुसऱ्या टोकानं बघावं. आरपार उजेड दिसला नाही तर मोरी साफ झालेली नाही. जुन्या चिऱ्यांच्या गटारांत सांध्यांतून मुळं आत येतात, चिरा सुटून आत पडतो आणि त्यामागं गाळ साचत जातो. तिथं सफाईबरोबर दुरुस्तीचं अंदाजपत्रकही लागतं.

काढलेला गाळ काठावर रचून ठेवणं ही सगळ्यात महागडी चूक. पाणी निथळायला एक-दोन दिवस ठीक, त्यानंतर उचललाच पाहिजे. मेमधली एक वळवाची सर सगळा गाळ परत आत नेते आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. दुसरी चूक हॉटमिक्सची, म्हणजे रस्त्याच्या डांबरीकरणाची. थरावर थर चढून रस्ता उंच होतो, कडेच्या जाळ्या डांबराखाली जातात. मग पाणी रस्त्यावर तळं करतं आणि शेजारचं गटार रिकामं असतं. डांबरीकरणाचं बिल जाळ्या मोकळ्या दिसल्याशिवाय सोडू नये.

पणजीचं गणित आणखी वेगळं आहे. मांडवीला भरती असताना मुसळधार पाऊस आला की स्वच्छ गटारसुद्धा पाणी सोडू शकत नाही. '१८ जून' नावाच्या रस्त्याचा भाग त्यामुळंच भरतो. तिथल्या आढाव्यात भरतीचं वेळापत्रक, पंपांची स्थिती आणि नदीच्या तोंडाशी असलेल्या झडपा हे विषय हवेत. झडपेत काठीएवढा कचरा अडकला तरी ती मिटत नाही आणि नदीचं पाणी उलटं शहरात शिरतं.

पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणून काम २० मेपर्यंत संपायला हवं. कामाला सहा आठवडे धरले तर कार्यादेश एप्रिलच्या सुरुवातीला, निविदा फेब्रुवारीत आणि अंदाजपत्रक जानेवारीत. गटारांचा खरा आढावा जानेवारीच्या बैठकीत व्हायला हवा. मेमध्ये फक्त तपासणी उरते.

कचऱ्याच्या बाबतीत वजनकाट्याच्या पावत्या मागा. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन आणि वेळ त्यांवर असते. जूनमध्ये ओल्या कचऱ्याचं वजन एकदम वाढलं तर त्यात पावसाचं पाणी किती, हे आधी बघा. गाडीवर ताडपत्री नसेल तर आपण पाणी वाहून नेतो. चतुर्थीच्या बाजारातली केळीची पानं, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या सजावटीचं) उरलेलं सामान यांसाठी जादा खेपांची सोय आधीच लागते, नाहीतर म्हापशासारख्या बाजारात दुसऱ्या दिवशी पाय ठेवायला जागा राहत नाही.

पिण्याचं पाणी आणि वीज राज्याच्या खात्यांकडे आहे. त्या तक्रारींवर पालिकेच्या बैठकीत तासभर बोलून काही हलत नाही. त्या खात्याच्या साहाय्यक अभियंत्याला बैठकीला बोलवावं आणि वीजखांबाचा क्रमांक देऊन इतिवृत्तात नोंद घ्यावी.

घरपट्टीच्या वसुलीत चालू मागणी आणि जुनी थकबाकी वेगवेगळी दाखवायला सांगा. एकत्र आकड्यात थकबाकी लपते. सोपोच्या, म्हणजे बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काच्या, पावत्याही बाजाराच्या दिवशीच्या वेगळ्या काढा.

आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर तासाभरात प्रभागात फिरून या. भिंतींवर पाणी चढल्याची मातकट रेघ दिसते. तिची उंची, जागा आणि वेळ लिहून घ्या. पुढच्या दोन सरींत ती धुऊन जाते.