दोन दिवसांच्या कॅम्पसाठी अख्खं घर हलवायचं नसतं

जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी आम्ही पाच जण भंडारदऱ्याला फॅमिली कॅम्पला चाललोय. म्हणजे मुलांना एकटं पाठवायचं नाही, आईबाबा आजी सगळ्यांनी तंबूत झोपायचं, सकाळी रॅपलिंग आणि व्हॅली क्रॉसिंग, दुपारी ऊन म्हणून झाडाखाली सक्तीची विश्रांती, संध्याकाळी धरणाच्या कडेने फेरी आणि रात्री काजवे. पोरांची सुट्टीतली नेहमीची शिबिरं, स्केटिंग, अबॅकस, मातीची भांडी वगैरे, सगळी करून झालीयेत आणि दरवेळी घरी येतं काय तर एक सर्टिफिकेट आणि एक टोपी. यंदा म्हटलं त्याच पैशात सगळेच बाहेर पडूया.

तारीख कालनिर्णय बघून ठरली. काजवे मेच्या शेवटापासून साधारण जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस नीट लागला की संपलं, आणि दिसायचे तर अंधार हवा. नवऱ्याने ऑफिसच्या सोयीने ३० मेचा शनिवार काढला होता, सासूबाई भिंतीजवळ गेल्या, पान उलटलं आणि म्हणाल्या, "अरे दुसऱ्या दिवशी पौर्णिमा आहे, त्या चांदण्यात कसले काजवे बघताय?" कॅम्पवाल्यांच्या ब्रोशरवर हे कुठेही नव्हतं हां. मग पुढचा शनिवार धरला, कृष्ण पक्ष, चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवणार, तोवर रान आपलं. रिस्क एकच, पाऊस. मुंबईत मान्सूनची एरवीची तारीख ११ जून, पण २०२५ ला तो २६ मेलाच येऊन थडकला होता, त्यामुळे पाच पोंचो घेतलेत आणि कपड्यांचा प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिक पिशवीत.

जायचं कसं यावर घरात दोन पार्ट्या. नवऱ्याला गाडी काढायचीय, कारण जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत उघडला आणि तो जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा त्याला स्वतः चालवून बघायचाय. मला ट्रेन हवी. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात आणि ३७ फुटांना एक फूट असा चढ ढकलत ढकलत गाडी वर जाते, हे पोरांनी खिडकीत बसून बघायला नको का? शिवाय धाकट्याला घाटात गाडी लागते, ट्रेनमध्ये नाही. हल्ली रिझर्वेशन १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं म्हणून एप्रिलमध्ये अलार्म लावून सकाळच्या तपोवनची तिकिटं काढली. इगतपुरीहून पुढे घोटीमार्गे कॅम्पची जीप.

आता मूळ मुद्दा, सामान. कॅम्पकडून आलेली लिस्ट एका पानाची होती आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर तिची आठवड्याभरात तीन पानं झाली. छोटा मिक्सर (चटणीला, म्हणे), एक्स्टेन्शन बोर्ड, दोन उशा कारण दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही, टेबलफॅन. टेबलफॅन! तंबूत! मग मी एक नियम काढला, घरात जे रोज वापरतो ते न्यायचं नाही, तिथे जे घरात नाहीये त्यासाठी न्यायचं. घरात काय नाहीये? अंधार नाहीये, दगडधोंडे नाहीयेत, रात्रीचा गारवा नाहीये, आणि नळाला पाणी नाही असं सहसा होत नाही. बॅग एवढ्यासाठीच भरायची. बाकी सगळं आपल्याला सवय सुटत नाही म्हणून कोंबलेलं असतं.

अंधारासाठी प्रत्येकी एक टॉर्च, मोबाईलचा नाही. काचेवर लाल जिलेटीन पेपर दुहेरी करून रबरबँडने लावायचा, हे काम पोरांना दिलं आणि दोघं एक संध्याकाळ त्यात रमली. काजव्याचा नर चमकून मादीला खुणा करत असतो, त्यात आपण पांढरा झोत मारला की त्यांचं सगळं बोलणंच बंद, हे लेकीने आजीला समजावलं, वर दम दिला की फ्लॅश मारून फोटो काढायचा नाही. डास मारायचे स्प्रेसुद्धा घरी, त्याऐवजी पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे शर्ट. सीझनमध्ये शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि लोक हेडलाइट चालू ठेवून झाडं बघतात, त्यामुळे आमचा कॅम्प रस्त्यापासून आत, हिरडा-सादडाच्या झाडीत चालत नेतो हे विचारून घेतलं आणि मगच पैसे भरले. काजवे नाहीच दिसले तर आकाश आहे. जूनच्या सुरुवातीला अंधार पडल्या पडल्या दक्षिणेला अगदी क्षितिजालगत त्रिशंकू दिसतो, वर सप्तर्षी, त्यांच्या शेपटाची कमान पुढे ओढत नेली की स्वाती आणि तशीच आणखी पुढे चित्रा. मुंबईत आमच्या गॅलरीतून दिसतो तो समोरच्या टॉवरवरचा लाल दिवा.

दगडांसाठी बूट. इथे मी कुणाचं ऐकलं नाही, सगळ्यांना ॲक्शनचे ट्रेकिंग शूज, दिसायला शाळेच्या पीटीच्या बुटांसारखे पण सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणालाही विचारा, ग्रिपसाठी याचंच नाव घेतील. नवे बूट तिथे जाऊन पहिल्यांदा घालायचे नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी शिवाजी पार्काला फेऱ्या, जाड सॉक्स घालून, अशा उकाड्यात. सासूबाई साडीवर ते बूट घालून कट्ट्याला दोन राउंड मारतात आणि ओळखीचं कुणी भेटलं की मुद्दाम थांबतात. आणि सकाळी बूट घालायच्या आधी उलटे करून झटकायचे, पावसाच्या तोंडावर विंचू निघतात, हेही आत्तापासूनच करून घेतेय, घरात झटकले की पार्कातली वाळू पडते तेवढीच.

पाण्याचं मात्र सगळ्यांना नीट बसवून सांगितलं. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, आपण ज्याच्या काठावर फोटो काढणार ते पाणी खालच्या शेतीला जातं आणि वरच्या वाड्यांवर मेमध्ये बायका हंडे घेऊन लांब चालतात. तेव्हा दोन दिवस शॉवर विसरा, एक बालदी एका माणसाला, तीसुद्धा एकदाच. लेक म्हणाली, मग आंघोळच नको. चालेल.

आजीच्या बाबतीतला खरा प्रश्न कुणीच विचारत नव्हतं, म्हणून मीच फोन लावला, की बाबा कमोड आहे का? ७० पार माणसाला गुडघ्याचा त्रास असताना सगळा वीकेंड यावर ठरतो. एक आहे म्हणाले, त्याच्या जवळचा तंबू द्या म्हटलं. त्याच फोनवर बाकीचंही विचारून घेतलं, मुलांच्या मापाची हेल्मेटं आहेत ना, रॅपलिंगला मुख्य दोराशिवाय बिलेचा, म्हणजे सुरक्षेचा, दुसरा दोर लावता ना, जवळचं हॉस्पिटल किती लांब आणि रात्री गाडी असते का. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, तो नंबरही मागितला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "ताई, एवढं कुणी विचारत नाही." विचारायला हवं.

खाण्यावर सासूबाईंचं राज्य. जेवण कॅम्पवरच आहे, पिठलं-भाकरी, ठेचा, हे सांगून उपयोग नाही, त्या म्हणाल्या, "पोरं ट्रेनमधलं काहीबाही खाणार का?" मग दशम्या. कणकेत पाण्याचा थेंब नाही, सगळं कोमट दुधात, तुपाचं मोहन, घट्ट भिजवून झाकून ठेवायचं आणि मंद तव्यावर डाग पडेपर्यंत, पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत, नाहीतर वाफेने ओलावतात. अशा केल्या की दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि मेथांबा. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे जावयासाठी अनारसे चालू आहेतच, त्यातला एक डबा कॅम्पला येतोय, आणि अनारसे बॅगेत चुरडतात म्हणून तो डबा हातात धरून न्यायचा. कुणाच्या हातात ते ठरायचंय, कारण दुसरा नियम असा की ज्याची बॅग त्याने उचलायची. या नियमानंतर धाकट्याने आपल्या सॅकमधून डायनोसॉर स्वतःहून काढून ठेवले.

मोबाईलचं भांडण मोठं होईल वाटलं होतं, ते दोन मिनिटांत मिटलं. कॅम्पवर रेंज धड नाही. मी एक शब्द बोलले नाही.

दूध बंद सांगितलंय, तुळशीला पाणी शेजारच्या काकू घालतील, उलटीच्या गोळ्या आणि आवळासुपारी वरच्या कप्प्यात. राहता राहिली तिकिटं. पाचातली चार कन्फर्म आहेत आणि एक वेटिंगवर, ते नेमकं नवऱ्याचं. मी रोज सकाळी पीएनआर बघते, तो काही बघत नाही. काल मात्र गाडीत हवा भरून आला, टाकी फुल करून आला आणि फास्टॅगचा बॅलन्सही वाढवून ठेवलाय, का विचारलं तर म्हणे असंच.