आयटीतली नोकरी न सोडता सामाजिक संस्थांसाठी काम: माझा अनुभव

सामाजिक संस्थांसाठी काही करायचं म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात, एक तर नोकरीवर पाणी सोडून कमी पगारावर तिकडं जायचं नाहीतर वर्षातून एकदा कंपनीचा टी-शर्ट घालून झाडं लावायची आणि फोटो टाकायचे. मधे एक अख्खं करिअर आहे आणि त्यात पगारही नीट मिळतो, हे मला डेव्हलपर म्हणून बरीच वर्षं घासल्यावर कळलं.

माझी सुरुवात कंपनीच्या प्रो-बोनो (म्हणजे आपलं कौशल्य संस्थांना फुकट देण्याच्या) प्रोग्रॅममधून झाली. एक छोटी संस्था मिळाली, त्यांना ॲप हवं होतं (सगळ्यांना ॲपच हवं असतं!). मी म्हटलं आधी देणगीदारांची यादी दाखवा. एक्सेल उघडलं तर एकच माणूस चार ओळीत, एकदा पूर्ण नाव, एकदा नुसती आद्याक्षरं, एकदा बायकोच्या नावानं पण फोन नंबर तोच, आणि एकदा चक्क "सर (जुने)". अकाउंट्सवाल्यांची शीट वेगळी, देणग्या गोळा करणाऱ्यांची वेगळी, दोन्हीच्या बेरजा कधीच जुळायच्या नाहीत. त्यात काही पैसे फक्त शिष्यवृत्तीसाठीच वापरायचे अशा अटीवर आलेले आणि ती अट कुठं, तर शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी हातानं टाइप केलेली. ॲप राहिलं बाजूला, आम्ही यादीच साफ करत बसलो. फोन नंबरवरून डुप्लिकेट काढायला गेलो तर नवराबायकोचा नंबर एकच, मग माणूस वेगळा आणि कुटुंब वेगळं असं मांडावं लागलं, आणि अटीच्या पैशांना स्वतःचा रकाना दिला, म्हणजे रिपोर्ट मागितला की शोधाशोध नको.

हे सगळं दाखवून झाल्यावर ऑफिस सांभाळणाऱ्या मावशींनी विचारलं, "ताई, तुम्ही गेल्यावर हे बिघडलं तर फोन कुणाला करायचा?" माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण सॉफ्टवेअर फुकट मिळवणं त्यामानानं सोपं आहे. सेल्सफोर्स ही ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी 1999 मध्ये सुरू झाली तेव्हापासून त्यांचं 1-1-1 आहे, म्हणजे शेअर, प्रॉडक्ट आणि कर्मचाऱ्यांचा वेळ यातला एकेक टक्का समाजासाठी, आणि पात्र संस्थांना पहिली 10 लायसन्स फुकट. गूगलच्या ॲड ग्रँट्समध्ये पात्र संस्थांना महिन्याला 10,000 डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती फुकट मिळतात. पण लायसन्स मिळालं तरी ते बसवणार कोण, शिकवणार कोण, आणि ॲड ग्रँट्सच्या खात्यात क्लिकचं प्रमाण (जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यातल्या किती वेळा क्लिक झालं) किमान 5 टक्के ठेवावं लागतं, ते रोज बघणार कोण? देणारे प्रोजेक्टसाठी पैसे देतात, सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसासाठी देताना मात्र हात आखडतो.

म्हणजे नोकरी इथंच आहे. मोठ्या टेक कंपन्यांत संस्थांसाठी वेगळ्या टीम असतात, प्रॉडक्ट, सोल्युशन इंजिनिअर, कस्टमर सक्सेस (ग्राहकाला सॉफ्टवेअर नीट वापरता यावं हे बघणारे), शिवाय सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या पार्टनर कंपन्या वेगळ्याच. मी सीआरएम (ग्राहकांच्या किंवा देणगीदारांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) शिकले, सर्टिफिकेशन केलं (उपयोग झाला, पण तेवढ्यावर कुणी घेत नाही), मॅनेजरला आधीच सांगून ठेवलं आणि इंटर्नल बदलीसाठी अर्ज टाकला. इंटरव्ह्यूत अल्गोरिदम फारसं नव्हतंच, विचारलं काय तर एका देणगीचा अर्धा भाग अटीचा आणि अर्धा बिनअटीचा असेल तर डेटा मॉडेल, म्हणजे नोंदींची मांडणी, कशी कराल. मला ती एक्सेल शीट तोंडपाठ होती, बोलतच सुटले.

टीम निवडताना एक बघा, संस्था हे त्या टीमचे ग्राहक आहेत की टीम नुसती दानधर्माच्या बजेटवर चालते. दुसऱ्या प्रकारची टीम मंदीत आधी कापली जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सवलतीत का होईना पण जिथं संस्था पैसे देतात तिथं त्यांची तक्रारही कुणीतरी ऐकतं, फुकट दिलेल्या गोष्टीची तक्रार करायलाच लोक संकोचतात आणि ते सिस्टिम गुपचूप वापरायचं बंद करतात.

आणि शनिवार-रविवारी एखाद्या संस्थेसाठी स्वतः कोड लिहिणार असाल तर आधी आपलं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. बऱ्याच करारात नोकरीच्या काळात लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क असतो, आणि संस्थेच्या बोर्डावर बसायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते. एचआरला साधा मेल टाका, संस्थेचं नाव, काय करणार, कंपनीचा लॅपटॉप वापरणार नाही एवढं लिहा. माझ्याकडं दोन ओळींचं "हरकत नाही" आलं, ते मी पर्सनल मेलवर पण ठेवलंय आणि एक कॉपी संस्थेच्या फाईलला लावलीय.