शेपटी तोडली तरी मूळच

७,३९,३९,१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. ही मूळ संख्या आहे, पण मूळ संख्या काय, अनंत आहेत. तेवढ्यासाठी मी कागद-पेन्सिल घेऊन बसत नाही. हिचा उजवीकडचा एकेक अंक खोडत जा: ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७. दर टप्प्याला मूळ संख्याच उरते! दशमान पद्धतीत अशा एकूण ८३ संख्या आहेत आणि त्यांत ही सगळ्यांत मोठी. हिला नववा अंक कुठलाही जोडा, मूळपण गेलंच म्हणून समजा.

मला खरी मजा येते ती ३ चा धाक बघताना. पहिला अंक सोडला तर पुढे सम अंक किंवा ५ चालतच नाही, उरतात १, ३, ७ आणि ९. आता अंकांची बेरीज करा आणि तिला ३ ने भागा. ३ किंवा ९ जोडला तर बाकी हलत नाही, १ किंवा ७ जोडला की ती एकाने वाढते. बाकी २ असताना १ किंवा ७ जोडलात तर बेरजेला ३ ने भाग गेला, खेळ खलास.

आपली संख्या ७ ने सुरू होते, म्हणजे बाकी १. त्यामुळे पुढे १ किंवा ७ फक्त एकदाच वापरता येणार. ते हुकमाचं पान हिने सहाव्या अंकापर्यंत राखून ठेवलं आणि तिथे १ टाकला. मग हातात ३ आणि ९ च राहिले. २ किंवा ५ ने सुरू होणाऱ्यांच्या नशिबी तेवढंही नाही, त्यांची बाकी पहिल्यापासूनच २. आठ अंकी भावंडं बघा: २३३९९३३९, २९३९९९९९, ५९३९३३३९. पहिल्या अंकानंतर नुसते तीन आणि नऊ. उरलेलं पाचवं भावंड ३७३३७९९९. ३ ने सुरुवात, बाकी शून्य, म्हणून त्याला ७ दोनदा परवडला.

हे सगळं दशमान पद्धतीपुरतं खरं, मोजणीचा पाया दहाऐवजी दुसरा घेतला की यादीही बदलते. त्यामुळे गंभीर मंडळी याला करमणुकीचं गणित म्हणतात. म्हणोत बापडी. ७३९३९१३३ ला चारने भागून बाकी १ उरते, सबब ही मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते, हा हिचा गुण पाया बदलला तरी टिकतो. पण त्यासाठी मी हिच्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं.

डावीकडून खोडायला गेलात तर मात्र ही दगा देते: १३३ म्हणजे ७ गुणिले १९. दोन्ही बाजूंनी खोडता येणाऱ्या संख्या जेमतेम १५, त्यांतली सर्वांत मोठी ७३९३९७. ७३९३९ पर्यंत दोघींचा रस्ता एकच. तिथे हिने १ घेतला, तिने ७, आणि तिला उजवीकडे पुढचा अंक काही मिळाला नाही.